नीटची पुस्तके

थोरल्या लेकीने नीटला बसायचे ठरवले, तेव्हा घाटकोपरच्या खोलीत आम्ही आधी हिशेब मांडला. क्लासची फी आवाक्याबाहेर. मग पेपरच समजून घेतला. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले ३६० एकट्या जीवशास्त्राचे! म्हणून पहिला पैसा अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्रावर घातला. ही पुस्तके संकेतस्थळावर फुकट आहेत, पण एका मोबाईलवर तिघे टपलेले, तिथे अभ्यास कसला होणार?

भौतिक नि रसायनची जाडजूड पुस्तके माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून जुनी आणली. भाव करण्याआधी साल पाहिले. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम बदलला. म्हणून नवी यादी हातात धरून धडे ताडले आणि गळालेल्यांवर पेन्सिलीने काट मारली. मागचे पेपर एनटीएच्या संकेतस्थळावरून उतरवून छापून घेतले. बरोबर उत्तराला चार गुण, चुकल्यास एक कापला जातो. तेव्हा घड्याळ लावून सोडवल्याशिवाय अंदाजाने खुणा करायची सवय जात नाही.

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "एवढ्याशा पुस्तकांवर?" लेक जीवशास्त्र चौथ्यांदा वाचत होती. तिने मान वर केली नाही. पुढच्या वर्षी हा संच गल्लीतल्या दुसऱ्या मुलीला द्यायचा आहे. तिच्या आईने आत्ताच मागून ठेवलाय.