हरवलेले शून्य

संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मराठीच्या तासाला काय द्यावे, हा वसई-विरारकडे शिकवताना माझ्यापुढे नेहमी उभा राहणारा प्रश्न. मी त्यांना कापरेकर देतो. द. रा. कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा, म्हणजे आजच्या आमच्याच पालघर जिल्ह्यातला. पुढे देवळालीला ते शाळामास्तर होते. १९४९मध्ये त्यांना गवसलेली रीत अशी : चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि मग तेच येत राहते.

प्रोग्रॅम लिहिण्याआधी ही कृती मराठीत लिहायची आणि शेजाऱ्याने ती शब्दशः पाळायची, एवढीच माझी अट. २१११ घेतले की पहिली वजाबाकी ०९९९ देते. 'उत्तर चार अंकीच लिहा' हे वाक्य ज्याच्या कृतीत नाही, त्याचा शेजारी डावीकडचे शून्य सोडतो, ९९९मधून ९९९ वजा करतो आणि अडकतो. शून्य राखले, तर पाचव्या वजाबाकीला ६१७४ हजर.

'पण सर, एवढं समजून घ्यायचं ना!' ही तक्रार मला मोलाची वाटते. कवितेत न लिहिलेले वाचकाने भरून घ्यावे, ही आपली शिकवण. यंत्र मात्र काहीच भरून घेत नाही. वाचकावर काय सोपवावे आणि स्वतः काय सांगावे, हा निवाडा दोन्हीकडे लिहिणाऱ्यालाच करावा लागतो.