सायकलवरचा भारत

बाबा आमटे म्हटलं की आपल्याला आनंदवन आठवतं. पण डिसेंबर १९८५ मध्ये ‘भारत जोडो’ म्हणत शंभरावर तरुण-तरुणी बाबांसोबत कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले, तेही सायकलवर! अंतर पाच हजार किलोमीटरहून जास्त. १९८४ च्या दंगलींच्या जखमा तेव्हा ओल्याच होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसताही येत नसे. ते गाडीत आडवे पडून सोबत असत.

पण सायकलच का?

उत्तर मला आपल्या परभणी-गंगाखेड रस्त्यावर मिळालं. चाळीसेक किलोमीटर, म्हणजे त्यांच्या वाटेचा जेमतेम सव्वाशेवा हिस्सा. ऐन उन्हात दोनदा पाणी मागावं लागलं. पहिल्या दारात आधी आडनाव विचारलं, मग पाणी. पुढच्या वस्तीवर एक आजी एवढंच म्हणाली, “बस लेकरा, दम खा,” अन् तांब्या पुढे केला.

मोटारसायकलवर असतो तर कुठं थांबलोच नसतो. सायकलवाल्याला मात्र अनोळखी दारात उभं राहावंच लागतं. देश जोडला जातो तो तिथंच... आणि तुटतोही तिथंच.

होस्टेलवर नवा मुलगा आला की आपण आधी काय विचारतो? आडनावच ना? कन्याकुमारी लांब आहे दोस्तहो, शेजारची रूम जवळ आहे!