शितावरून भात, शिट्टीवरून भात

आमच्या वेळी पडघ्यात मुलीला स्वयंपाक शिकवत नसत, ती एक दिवस करायलाच लागे. आता मुलालाही शिकवतात, मुलीलाही शिकवतात आणि त्याला 'जीवनकौशल्य' म्हणतात. नाव भारदस्त आहे, आणि खरं सांगायचं तर कल्पनाही आमच्या वेळेपेक्षा बरी आहे. तरीही आमच्या वयाच्या बायका एकत्र बसल्या की गोडवे गातात ते चुलीचे. जिच्या धुराने डोळ्यांचं पाणी खळलं नाही, तिचेच!

आमचं शिक्षण भातापासून सुरू व्हायचं. आधी तांदूळ निवडायचे, मग धुवायचे, मग हात लावायचा आधणाला. तांदळावर बोटाचं एक पेर बुडेल इतकं पाणी, हे एकच माप. आणि नवा तांदूळ असेल तर त्याहूनही कमी, हा एकच अपवाद. तांदूळ नवा की जुना, हे वासावरून आणि रंगावरून ओळखायचं. भात शिजत आला की एक शीत काढून बोटांत चेपायचं. मधे कणी लागली तर विस्तव पुढे सारायचा, नाही तर पेज काढून भांडं वैलावर ठेवायचं. कुणी समजावून सांगत नसे. चुकलं की आजी ओरडे, बरोबर आलं की आजी गप्प बसे. तिचं गप्प बसणं हेच आमचं प्रगतिपुस्तक.

आताचा भात शिट्ट्यांवर होतो. किती वाट्या पाणी, किती शिट्ट्या, हे पोरं मोबाइलवर बघतात, आणि भात मोकळाही होतो. व्हिडिओतली ताई कधी ओरडत नाही, शंभरदा मागे नेली तरी तितक्याच गोडव्याने सांगते. आजीला मागे न्यायची सोय नव्हती. शेजारच्या तालुक्यातल्या वाडा कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हेही या पोरांना ठाऊक असतं. पण तोच कोलम नवा आहे की जुना, हे त्यांना कुकर उघडल्यावर कळतं.

मग भाकरी. आमच्याकडे तांदळाची. पाण्याला आधण आलं की मीठ आणि पीठ घालून उकड काढायची आणि वाफ निघत असतानाच परातीत मळायला घ्यायची. गार होऊ दिली की कडा फाटल्याच म्हणून समजा. पाण्याचा हात घेत भाकरी थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, ते सुकायच्या आत उलथायची. पहिली भाकरी नेहमी नकाशासारखी व्हायची आणि ती नेहमी शिकणारीच्याच ताटात पडायची. घरातल्या पुरुषांना गोल भाकऱ्या, आम्हाला आमच्या चुका. तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, हीच त्यातली वावगी गोष्ट.

आता महामार्गालगत गोदामं उभी राहिलीत, तिथे आई कामाला जाते, बाप जातो, थोरला मुलगाही जातो. संध्याकाळी भाकरी थापायला कुणाला उसंत नसते. ती विकत मिळते, गोल मिळते, आणि कुणाचा हात पोळत नाही. १९९९ साली चंद्रपूरहून सुमारे ७५० किलोमीटरची उच्चदाब वाहिनी येऊन पडघ्याला थांबली. त्यानंतरही भारनियमनात आम्ही कंदिलाच्या उजेडात फोडण्या दिल्या. आता मिक्सर आहे, इंडक्शन आहे, गॅस आहे. त्या उजेडात परत जायला कुणी सांगितलं, तर गोडवे गाणाऱ्यांतली एकही बाई उठायची नाही.

मुलग्यांचं काय? त्यांच्या वाट्याला स्काउटच्या शिबिरातला 'बिनभांड्याचा स्वयंपाक' यायचा. निखाऱ्यात बटाटे भाजायचे, काठीला कणीक गुंडाळून शेकायची आणि शाबासकी घेऊन घरी यायचं. भांडीच नाहीत, म्हणजे घासायचाही प्रश्न नाही! पुढे भिवंडीत मागावर एकटे राहिले तर भिस्सी, म्हणजे कामगारांची खानावळ, होतीच, लग्न झालं तर बायको होतीच. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं, वाटी-चमच्याच्या मापाने नवख्यालाही जमेल असं. ते घराघरांत रुखवतात गेलं. मुलाच्या ट्रंकेत गेल्याचं आम्ही तरी पाहिलं नाही.

आज कॉलेजसाठी कल्याणला, पुण्याला खोली घेऊन राहणारा मुलगा व्हिडिओ कॉलवर आईला विचारतो, 'मोहरी तडतडली, आता काय?' आई पडद्यावरूनच सांगते, 'गॅस बारीक कर आधी.' हे दृश्य आमच्या आजीला दाखवलं असतं तर तिने पदराआड हसून घेतलं असतं, आणि मग बराच वेळ काही बोलली नसती.

मग आम्ही नेमकं कशासाठी हळहळतो? त्या शिकण्याला घाई नव्हती, म्हणून. दुपारी आजीशेजारी बसून लसूण सोलायचा, वाल सोलायचे, आणि स्वयंपाकाबरोबर गावभरच्या गोष्टी कानावर पडायच्या. कुणाच्या घरी कसलं कालवण, कुणाच्या सुनेचा हात सढळ, कुणाच्या घरी आज चूलच पेटली नाही. पण आजीकडे एवढा वेळ होता, कारण तिला दुसरीकडे कुठे जायची मुभाच नव्हती. आमचं स्मरणरंजन तिच्या अडकून पडण्यावर उभं आहे, हे कबूल केल्याशिवाय चुलीचे गोडवे गाऊ नयेत.

तेव्हा जुनं परत आणायच्या भानगडीत पडू नका. एवढंच करा: यंदा दहावीची परीक्षा संपली की मुलगा असो वा मुलगी, आठवड्यातला एक दिवस स्वयंपाकघर त्याच्या-तिच्या हवाली करा. वरण, भात, एक भाजी. तांदूळ निवडण्यापासून भांडी घासून ओटा पुसण्यापर्यंत सगळं. तुम्ही शेजारी बसून लसूण सोला, गावच्या गोष्टी सांगा, आणि ओरडू नका. आणि नकाशासारखी भाकरी झालीच, तर ती सगळ्यांनी वाटून खा.