पुळण भरण्याआधी

काचेचे दोन ग्लास घेतले. एकात पुळणीवरची मूठभर वाळू टाकली. दुसऱ्यात खाडीतून उपसलेली, शेजारी घर बांधायला आणून टाकलेली रेती. दोन्हींत पाणी ओतून चमच्यानं ढवळलं. पुळणीची वाळू बघता बघता तळाला बसली आणि वरचं पाणी नितळ झालं. रेतीच्या ग्लासातलं पाणी संध्याकाळपर्यंत चहासारखं गढूळच होतं.

धूप झालेल्या किनाऱ्यावर बाहेरून वाळू आणून टाकायची, म्हणजे पुळण भरायची, असं ठरलं की पहिला प्रश्न या दोन ग्लासांचा असतो. आणलेली वाळू मूळच्या वाळूसारखी आहे का? दाणा जाड असेल तर पुळणीचा उतार बदलतो, ती उभी होते. दाणा बारीक असेल तर लाटा तो चार दिवसांत घेऊन जातात. गाळ मिसळलेला असेल तर किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ होतं आणि वाळूत राहून पाणी गाळून जगणाऱ्या जिवांचे श्वास कोंडतात. पुळण वाचवायला निघालेलं काम पुळणीतल्या जिवांवर उठू शकतं, म्हणून त्याचीही पर्यावरणीय तपासणी हवी. ‘निसर्गाला धरून’ असं कामाच्या पाटीवर लिहिलं म्हणून तपासणी माफ होत नाही.

*

तात्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरायला, जायचे. ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांना विचारलं, आपली पुळण कमी झाली का? म्हणाले, “कुठल्या महिन्यातली विचारतोस?”

याच्याइतकं नेमकं उत्तर मला कुठल्या अहवालात सापडलेलं नाही. जूनमध्ये उधाणाच्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि पाण्याखाली तिचा उंचवटा करून ठेवतात. पाऊस ओसरला, समुद्र शांत झाला की लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून देतात. दसऱ्या-दिवाळीपर्यंत पुळण पुन्हा अंग धरते. मेमध्ये मोजली तर ऐसपैस, श्रावणात मोजली तर चिंचोळी. धूप म्हणजे गेलेली वाळू परत न येणं. ती ओळखायची तर निदान एक पूर्ण वर्ष मोजलं पाहिजे, खरं तर बरीच वर्षं.

आता नियम पाहा. ‘जलद’ पर्यावरणीय परिणाम अहवालाला एका हंगामाची माहिती पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून कुठलाही चालतो. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेत बहुतेक कामांसाठी हाच जलद अहवाल मागितला होता. मध्यम वा कमी धूप होणाऱ्या पट्ट्यांसाठी सर्वंकष अभ्यासाची अट होती, ही त्यातली चांगली गोष्ट. पण जिथे जलद अहवालावर भागवलं जातं, तिथे कोकणच्या पुळणीचं जे काही बरंवाईट होतं तो काळच वगळला जातो. कारखान्याच्या धुराड्यासाठी हा नियम समजू शकतो, पाऊस हवा धुऊन काढतो. किनाऱ्यासाठी तो उलटा आहे.

*

1990 ते 2018 या काळातल्या उपग्रहचित्रांवरून राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्रानं देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा हिशेब मांडला. 33.6 टक्के किनारा धूप होणारा निघाला. पश्चिम बंगालचा 60.5 टक्के. महाराष्ट्राचा साधारण चौथा हिस्सा.

आपल्याकडे यावर आजवरचं उत्तर म्हणजे धूपप्रतिबंधक बंधारा. रत्नागिरीच्या मिऱ्याला विचारा, दगड टाकणं आणि दगड खचणं यात किती पावसाळे गेले. बंधाऱ्यावर आपटलेली लाट पायथ्याची वाळू उकरते, पुळण नाहीशी होते, रापण ओढायला आणि होडी ओढून घ्यायला जागा राहत नाही. त्यामुळे वाळू भरणं आणि वाळूच्या टेकड्या पुन्हा उभ्या करणं यांच्या बाजूनं मी आहे. बाजूनं आहे म्हणूनच तपासणी चोख हवी.

*

वेळासला पहिल्यांदा कासवाचा माग पाहिला तो डिसेंबरात, पहाटे. पाण्यापासून वर ट्रॅक्टरचं एकच चाक फिरल्यासारखी नक्षी, वर एक विस्कटलेला खळगा, आणि परत जाणारा दुसरा माग. मादी वल्ह्यासारख्या मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा खणते आणि शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं वेळासला हे काम सुरू केल्यापासून गावोगावी कासवमित्र तयार झाले. आंजर्ले, केळशी, गुहागर अशी यादी वाढत गेली. अंडी उचलून कुंपणाच्या आतल्या उबवणी केंद्रात ठेवतात, कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचावीत म्हणून. पण त्यामुळे अहवालात एक पळवाट तयार होते: अंडी हलवता येतात, म्हणजे कामाचा कासवांवर परिणाम नाही. अंडी हलवता येतील, मादीला हलवता येत नाही. तिला वर चढून यायचंच आहे. नवी टाकलेली वाळू लाटांनी कापली की कमरेएवढा उभा कडा तयार होतो. मादी त्याच्याशी येऊन थांबते आणि परत फिरते. यंत्रं फिरून वाळू दाबली गेली असेल तर खणायला सुरुवात करून सोडून देते. फ्लोरिडात भरलेली वाळू किती घट्ट झाली हे पाहून ती नांगरून मोकळी करण्याची आणि कासवांचा हंगाम लागण्याआधी असे कडे उतरवून घेण्याची अट घालतात. वाळूचा रंगही पाहतात, कारण काळपट वाळू जास्त तापते आणि पिल्लू नर होणार की मादी हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरतं. साधारण 29-30 अंशांच्या वर माद्या जास्त. आपल्या रत्नागिरीच्या काही पुळणींवर काळ्या इल्मेनाइट खनिजाच्या रेघा नैसर्गिकच आहेत. म्हणजे तुलना तिथल्या वाळूशी करायची, फ्लोरिडाच्या पांढऱ्या वाळूशी नाही.

*

वहीत बारा महिन्यांची पट्टी आखली.

अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर कासवं उन्हाळ्यात येतात. म्हणून तिथला सल्ला सरळ आहे: काम थंडीत उरका. हाच सल्ला उचलून आपल्या अहवालात घातला तर? आपल्याकडे ऑलिव्ह रिडले नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात, शेवटची पिल्लं मेपर्यंत निघतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, वाळू आणणारा बार्ज उभा राहणार नाही, आणि टाकलेली वाळू टिकणार नाही. यंत्रांना शांत समुद्र हवा, कासवांनाही तोच हवा. पट्टीवर रंग भरत गेलो तेव्हा मोकळा राहिला तो ऑक्टोबर, आणि फार तर नोव्हेंबरचे पहिले काही दिवस. रापण नेमकी त्याच दिवसांत जोरात असते.

म्हणजे दोन-तीन किलोमीटरची पुळण एका दमात भरणं इथल्या पंचांगात बसत नाही. ही गोष्ट ठेका देण्याआधी कळायला हवी, आणि ती कळावी यासाठीच तपासणी असते.

*

केळशीची टेकडी. गावाच्या कडेला, खाडीच्या मुखाशी, वाळूचा एवढा मोठा डोंगर कोकणात दुसरा पाहिला नाही. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिच्यात जुन्या वस्तीच्या खुणा शोधल्या आणि 1524 च्या त्सुनामीशी तिचा संबंध असल्याचं मांडलं. टेकडीच्या कापलेल्या अंगाकडे पाहत उभं राहिलं तर वाळूचे थर वहीच्या पानांसारखे दिसतात. मधूनच शिंपल्यांचा एक पट्टा.

अशी टेकडी एकदा कापली तर ‘पुनर्स्थापना’ कशाची करणार? वाळूचा ढीग पुन्हा घालता येईल, थर घालता येणार नाहीत. 1991 च्या पहिल्या किनारपट्टी अधिसूचनेपासून वाळूच्या टेकड्या सपाट करायला, त्यांच्यात फेरफार करायला मनाई आहे. आजच्या वर्गवारीतही त्या सर्वांत जपायच्या गटात येतात, कासवांच्या विणीच्या जागांसोबत. टेकडी पुन्हा उभी करण्याच्या कुठल्याही प्रस्तावात पहिला खर्च उभ्या असलेल्या टेकड्या राखण्याचा असावा असं मला ठामपणे वाटतं.

*

मर्यादवेल. पान आपट्यासारखं, मधोमध दुभंगलेलं. फूल जांभळट गुलाबी. पेरापेराला मुळं धरते. वर वाळू पडली तरी गुदमरत नाही, वर येते आणि आणखी वाळू अडवते. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही सुरू होते, म्हणून हे नाव दिलं असेल का? ज्यानं दिलं त्यानं पुळण नीट पाहिली होती.

टेकडी यंत्रानं उभी करता येते, पण तिला धरून ठेवते ती ही वेल आणि तिच्याबरोबरचं काटेरी गवत. मागच्या बाजूला केवडा, त्यामागे उंडी. आपण मात्र वर्षानुवर्षं सुरू लावत आलो. सुरूचं बन मलाही आवडतं, त्यातून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज लहानपणापासून कानात आहे. पण सुरू या किनाऱ्याचा नव्हे. त्याच्या काड्यांचा थर खाली मर्यादवेलीला उगवू देत नाही, आणि पाण्याच्या अगदी जवळ लावला तर कासवाला मोकळी वाळू उरत नाही. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, सुरूची किती झाडं मुळासकट आडवी झाली ते रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यानं पाहिलं आहे. ‘इतकी रोपं लावली’ या आकड्यावर काम मोजलं जातं तोवर सुरूच लावला जाईल. तो लवकर उंच होतो आणि फोटोत दिसतो. वेलीनं किती वाळू धरली हे मोजायला तीन पावसाळे थांबावं लागतं.

*

नेदरलँड्सनं 2011 मध्ये दक्षिण हॉलंडच्या किनाऱ्यावर सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू एकाच जागी टाकली आणि वारा-लाटांनी ती पुढे पसरवावी असं ठरवलं. तिथे वाळू भरणं हा दरवर्षीचा, कायमचा खर्च आहे. हे वाक्य आपल्या प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवं. एकदा भरलेली पुळण पुन्हा भरावी लागते, म्हणून तपासणीही एका भरणीची करून चालत नाही.

*

चार्ल्स पीटरसन आणि मेलनी बिशप या दोन शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये वाळू-भरणीवर देखरेख ठेवणारे 46 अभ्यास तपासले. जागेजागेतला आणि वेळोवेळचा नैसर्गिक फरक दोन्ही लक्षात घेणारे अभ्यास फक्त 11 टक्के होते. 56 टक्के अभ्यासांचे निष्कर्ष त्यांच्याच माहितीवर पुरेसे टिकत नव्हते. ही अमेरिकेची गोष्ट, जिथे हे काम 1920 च्या दशकात कोनी आयलंडपासून चालू आहे.

दोष बहुतेकदा साधा असतो. भरलेली पुळण मोजली, शेजारची न भरलेली मोजलीच नाही. मग खेकडे कमी झाले ते वाळूमुळे की पावसामुळे, कोण सांगणार?

*

म्हणून एक गोष्ट सुचते. पुळण सलग न भरता तुकड्यातुकड्यानं भरावी. एक तुकडा ऑक्टोबरात भरला, त्याच्या लगतचा तसाच सोडला. सोडलेल्या तुकड्यात कासव चढेल, रापण ओढता येईल, आणि तिथूनच वाळूतले जीव भरलेल्या तुकड्यात परततील. तुलनेसाठी लागणारी जागाही तीच. बार्ज पुन्हा पुन्हा आणावा लागेल, खर्च वाढेल हे खरं. पण आपल्या पंचांगात बसणारी दुसरी वाट मला दिसत नाही.

*

ओहोटी. ओल्या वाळूवर मटाराहून लहान खेकडे बिळातून बाहेर आले आहेत. वाळूची चिमूट उचलायची, तिच्यातलं खाणं चाटून घ्यायचं, उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. प्रत्येक बिळाभोवती किरणांसारख्या गोळ्यांच्या रांगा, सगळ्या पुळणीवर रांगोळी. भरती आली की पुसली जाते. हा खेकडा वाळू दाण्यादाण्यानं तपासतो. दाणा बदलला की त्याचं जेवण बदलतं, आणि त्याच्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचंही.

जनसुनावणी असलेल्या प्रकल्पात अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. असा एक सारांश मी वाचला आहे, गावाचं नाव लिहीत नाही. त्यात या खेकड्यासाठी ‘तळजीव घनता नगण्य’ असे तीन शब्द होते. रापणवाल्यांच्या बायका तो कागद हातात घेऊन बसल्या होत्या. पुळणीवर रोज चालणाऱ्या माणसांना ही तीन शब्दांची भाषा परकी होती, आणि त्यांना ठाऊक असलेलं काहीच त्या कागदात नव्हतं.

*

तात्यांकडे सुंभाची एक दोरी आहे, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. देवळाच्या दीपमाळेपासून भरतीच्या रेषेपर्यंत ते ती अंथरायचे आणि गाठी मोजायचे. दर पुनवेला. आता वाकवत नाही म्हणून दोरी मला दिली. मेची मोजणी वहीत लिहून ठेवली आहे. पुढची नारळी पौर्णिमेला, पाऊस असला तरी.