पडद्यावर न दिसणारे गुडघे

इंग्लंडमध्ये अपंगत्वाचा भत्ता नाकारला गेला, फेरविचारातही नकारच आला आणि प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं, तरी आता बऱ्याच जणांना सुनावणीसाठी घराबाहेर पडावं लागत नाही. ईमेलने एक लिंक येते. ठरलेल्या वेळी ती उघडली की समोर चौकटींत तीन चेहरे असतात : न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाची जवळून माहिती असलेला तिसरा सदस्य. २०२० च्या साथीत ही पद्धत सर्रास झाली आणि साथ ओसरल्यावरही राहिली. आपल्या मंडळींची तयारी मग दोनच गोष्टींभोवती फिरते : वाय-फाय धड चालतंय ना, आणि कागदांची फाईल भरपूर जाड आहे ना. दोन्हीकडे लक्ष हवंच. पण माझ्या मते खरी तयारी तिसरीच आहे आणि आपल्याला तीच सर्वांत जड जाते : आपलं शरीर दिवसभर काय करू शकतं आणि काय नाही, हे वेळ-अंतरासकट तोंडाने सांगण्याची. सुनावणीच्या खोलीत माणूस चालत आत येतो, खुर्चीचा हात धरून बसतो, मधेच कळ आली की उठतो. समोरच्यांना हे न सांगता दिसतं. कॅमेऱ्यात माणूस छातीपर्यंतच असतो. गुडघे पडद्याबाहेर राहतात, तेव्हा त्यांची साक्ष शब्दांनीच द्यावी लागते.

हा भत्ता म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, सगळे त्याला पिप म्हणतात. २०१३ पासून तो लागू आहे (स्कॉटलंडची व्यवस्था आता वेगळी आहे). आपल्याकडून आलेल्या माणसाची पहिली चूक इथेच होते, कारण त्याच्या डोक्यात टक्के असतात. भारतात २०१६ च्या कायद्याप्रमाणे ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलं की सवलतींचे बरेचसे दरवाजे उघडतात. डॉक्टरांचं मंडळ तपासतं, आकडा लिहितं, शिक्का मारतं. पिपला त्या आकड्याशी काही देणंघेणं नाही. रोगाचं नाव काय, यालाही तिथे दुय्यम जागा आहे. तिथे बारा कामं आहेत : दैनंदिन जगण्याची दहा, हिंडण्याफिरण्याची दोन. प्रत्येक कामाला अडचणीप्रमाणे गुण मिळतात. एका विभागात आठ गुण झाले की साधा दर, बारा झाले की वाढीव. दोन्ही विभागांत वाढीव दर मिळाला, तर २०२५-२६ च्या दरांनी आठवड्याला १८७.४५ पौंड होतात. शिवाय नियम असा की एखादं काम ‘येतं’ असं म्हणायचं असेल तर ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, लागेल तितक्या वेळा आणि निरोगी माणसाला लागणाऱ्या जास्तीत जास्त वेळेच्या दुपटीच्या आत जमायला हवं, तेही निम्म्याहून अधिक दिवस. हे चार निकष ज्याला ठाऊक नाहीत, तो ‘जिना चढता येतो का’ या प्रश्नाला ‘हो, येतो’ म्हणतो आणि मोकळा होतो. चढल्यावर वीस मिनिटं पलंगावर पडून राहावं लागतं, हे त्याच्या लेखी सांगण्यासारखं नसतंच.

आपल्या घरांत आणखी एक अडचण आहे. इथल्या यंत्रणेला ती दिसत नाही आणि आपल्यालाही जाणवत नाही. आपल्याकडे मदत ही मदत म्हणून मोजलीच जात नाही. बायको मोजे चढवते, मुलगी औषधं काढून देते, सून डबा भरते. यात कोणी कोणावर उपकार करत नाही, घर असंच चालतं. मग सुनावणीत ‘स्वयंपाक कोण करतं’ असं विचारलं की पन्नाशीचा गृहस्थ सरळ सांगतो, ‘बायको करते, मी कधी केलाच नाही.’ उत्तर खरं आहे, पण त्याने गुण मिळत नाहीत, कारण पॅनेलला त्यातून घरातली कामांची वाटणी कळते, हातातली ताकद कळत नाही. कायद्याचा प्रश्न निराळा आहे : ताज्या जिनसांपासून एका माणसापुरता एक साधा पदार्थ, ओट्याच्या उंचीच्या शेगडीवर, तुमच्या शरीराला आणि मनाला करता येईल का? पाककौशल्याचा इथे संबंध नाही. कांदा चिरताना सुरी निसटते का, भरलेलं पातेलं उचलवतं का, गॅस चालू राहिल्याचं लक्षात राहतं का, उभं राहवत नाही म्हणून उंच स्टूल लागतं का, हे सांगायचं असतं. आंघोळीचंही तसंच. इथल्या टबात प्लास्टिकचं स्टूल ठेवून बादली-तांब्याने आंघोळ करणारी आपली कितीतरी माणसं आहेत. त्यांना विचारलं तर म्हणतील, सवय आहे. बसल्याशिवाय आंघोळ होतच नसेल, तर ते स्टूल म्हणजे साधन आहे, आणि साधनाच्या गरजेला गुण आहेत.

म्हणून कॅमेऱ्यापुढे बसण्याआधी करायचं काम असं : बारा कामांची यादी घ्यावी आणि प्रत्येकापुढे आपला दिवस लिहून काढावा. अंतर मीटरमध्ये लिहावं. वीस मीटर म्हणजे लंडनच्या दोन लाल बसगाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, त्याहून थोडं कमी. तेवढं अंतर वर सांगितलेल्या निकषांप्रमाणे चालता येत नसेल तर हिंडण्याफिरण्याचे पूर्ण बारा गुण आहेत. पन्नास मीटरपर्यंत जमत असेल तर आठ किंवा दहा. ‘थोडंसं चालतो’ या उत्तरातून यातलं काहीच ठरत नाही. घरापासून बसथांब्यापर्यंत जाताना कुठे थांबावं लागतं, किती वेळ, मग पुढे किती जाता येतं, हे सांगितलं तरच डॉक्टर सदस्याला पुढचा प्रश्न विचारता येतो. आणि हे सगळं सुनावणीच्या दिवसाचं सांगायचं नसतं. भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याने निर्णय दिला त्या तारखेची परिस्थिती न्यायाधिकरण पाहतं, आणि मधे कित्येक महिने गेलेले असतात. त्या काळातले जीपीचे (नेहमीच्या डॉक्टरांचे) कागद, फिजिओथेरपीच्या नोंदी, घरच्यांनी लिहिलेलं निवेदन, हे तारखांसह हाताशी हवं. खात्याकडून आलेल्या गठ्ठ्यात मूल्यांकनाचा अहवाल असतो. त्यातली जी वाक्यं चुकीची वाटतात त्यांचे पानक्रमांक आधीच लिहून ठेवावेत. पडद्यासमोर बसून शंभरावर पानं उलटत बसलं की बोलण्याचा धागा तुटतोच.

‘ही तयारी म्हणजे पढवणं झालं,’ असा आक्षेप येतो, आणि तो आपल्यातलीच शिकलेली माणसं जास्त घेतात. ज्याला खरंच त्रास आहे त्याला पाठांतर कशाला, असं त्यांचं म्हणणं. पाठांतराला माझाही विरोध आहे. हे पॅनेल उलटतपासणी घेणाऱ्या वकिलासारखं वागत नाही, स्वतः प्रश्न विचारत सत्य शोधतं; पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नालाच उघडं पडतं. शिवाय आधी थोडे गुण मिळाले असतील तर ते कमीही होऊ शकतात, हा धोका समजून घेऊनच अपील करावं. पण नोंद ठेवणं वेगळं आणि सोंग आणणं वेगळं. त्रास जुना असला की माणूस त्याच्याभोवती जगणं जुळवून घेतो आणि तो सांगायचंच विसरतो. नोंद त्या विसरण्यावर उपाय आहे. आकडेही हेच सांगतात. गेल्या काही वर्षांत सुनावणीपर्यंत पोचलेल्या पिपच्या अपिलांपैकी साधारण दोन-तृतीयांश निकाल अर्जदाराच्या बाजूने लागले आहेत, आणि ज्यांनी नुसत्या कागदांवर निकाल मागितला त्यांच्यापेक्षा प्रत्यक्ष बोललेल्यांना यश खूपच जास्त मिळालं आहे. कागद तेच असतात. फरक पडतो तो माणसाने स्वतः सांगितल्यामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : शरीर दिसणं इतकं महत्त्वाचं असेल तर व्हिडिओ नाकारून समोरासमोरच सुनावणी मागावी. काहींनी ती जरूर मागावी. अर्जात पसंती कळवता येते, कारणं देता येतात. अखेरचा निर्णय न्यायाधिकरणाचा. ज्यांना ऐकायला कमी येतं, ज्यांच्या घरात बंद दाराची एक खोली मिळत नाही, किंवा पडद्यापुढे ज्यांचं मन सैरभैर होतं, त्यांच्यासाठी खोलीतली सुनावणीच बरी. पण ज्याला तासभर ट्रेनमध्ये बसणं म्हणजे पुढचे दोन दिवस अंथरूण, त्याला ‘दिसण्या’साठी तिथवर फरफटत नेणं मला पटत नाही. आणि दिसण्याचे तोटेही आहेत. चांगल्या दिवशी माणूस खोलीत ताठ चालत येतो आणि तेवढंच लक्षात राहतं. व्हिडिओत निदान सगळी बाजू बोलण्यावर उभी राहते. बसवत नसेल तर सुरुवातीलाच सांगून उभं राहावं, विश्रांती मागावी, कॅमेरा थोडा मागे सरकवावा. सोबतीला कोणी बसलं असेल तर त्याची ओळख करून द्यावी. त्याने मात्र मागून उत्तरं पुरवू नयेत.

दुभाष्याबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. न्यायाधिकरण तो मोफत देतं, आधी कळवावं लागतं, आणि घरच्या माणसाला सहसा ते काम करू देत नाहीत. ऑफिसात वीस वर्षं इंग्रजी बोललेल्या माणसाला मराठी दुभाषा मागणं कमीपणाचं वाटतं. पण मीटिंगमधलं इंग्रजी निराळं. रात्री अंथरूण ओलं होतं हे तीन अनोळखी माणसांना इंग्रजीत सांगणं निराळं. तिथे माणूस गप्प बसतो किंवा गुळमुळीत बोलतो, आणि त्या कामाचे गुण जातात. मुलासमोर हे सांगायला लागू नये, हाही दुभाष्याचा फायदाच.

सरकारकडून पैसे घ्यायचे कशाला, ही कुजबुज प्रत्येक मंडळात असते. पिप उत्पन्नावर अवलंबून नाही, नोकरी करतानाही मिळतो. कायद्याने ठरवलेला तो हक्क आहे आणि त्यासाठी इथे कर भरलेला असतो. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीची बंदी आहे त्यांनी मात्र सल्ला घेतल्याशिवाय अर्जाला हात लावू नये, त्याने व्हिसाच अडचणीत येऊ शकतो. या पायरीवर सरकारी खर्चाने वकील मिळणं २०१३ पासून बंद आहे. सिटिझन्स ॲडव्हाइस आणि ठिकठिकाणची लॉ सेंटर्स फुकट मदत करतात, पण त्यांच्याकडे रांग मोठी असते, म्हणून नकाराचं पत्र आलं त्याच आठवड्यात फोन करावा. फेरविचार मागायला एक महिना असतो, त्याचा निकाल आल्यावर अपिलाला आणखी एक. उशीर झाला तर कारण देऊन मुदत वाढवून मागता येते; तेरा महिने उलटल्यावर तीही सोय राहत नाही.