हुक्का, मिश्री आणि माला-एन

माझी भाची हैदराबादला शिकते. पाळी दोन-दोन महिने येत नव्हती म्हणून तिकडच्या डॉक्टरांनी पीसीओडीचं निदान केलं आणि गोळ्या लिहून दिल्या. एकवीस दिवस घ्यायच्या, सात दिवस थांबायचं, पुन्हा सुरू करायच्या. या गर्भनिरोधक गोळ्याच असतात. घरात त्यांना ‘पाळीच्या गोळ्या’ म्हणतात, म्हणून लग्न न झालेल्या मुलीच्या पर्समध्ये त्या कुणाला खुपत नाहीत. दिवाळीला ती आमच्या गावी, धर्माबादला आली तेव्हा गच्चीवर हळूच विचारू लागली, “मावशी, मैत्रिणींबरोबर कधी कधी हुक्का ओढते मी. या गोळ्यांवर चालतं का गं?” डॉक्टरांनी विचारलं नव्हतं का, म्हटलं. विचारलं होतं. सिगारेट ओढतेस का, असं. ती नाही म्हणाली होती, आणि ते खरंच होतं. तिनं सिगारेट कधी ओठाला लावलेली नाही.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. भाचीपुरता तो सुटला, पण आमच्या गावातल्या कितीतरी बायकांपुरता तो कुणी विचारलेलाच नाही.

आधी गोळीचं सांगते. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यातल्या ७ लोहाच्या. उरलेल्या २१ गोळ्यांत प्रत्येकी ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल. जपायचं ते या दुसऱ्या औषधाला. ते इस्ट्रोजेन आहे. यकृतात रक्त गोठवणारे घटक ते वाढवतं, आणि गोठणं आवरून धरणारे घटक कमी करतं. तरण्याताठ्या, निरोगी बाईला त्याचा सहसा त्रास होत नाही. तंबाखूचा धूर मात्र दुसऱ्या बाजूनं येतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला तो इजा करतो, रक्तातल्या बिंबिका एकमेकींना चिकटायला लावतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूची जागा बळकावतो. दोन्ही एकाच बाईच्या अंगात भेटले की हृदयविकार आणि पक्षाघात यांचा धोका चढतो, आणि वयाबरोबर तो फार वेगानं चढतो.

ही माहिती बायकांच्या जिवावर मिळालेली आहे. गोळी अमेरिकेत १९६० साली मंजूर झाली. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिशनर डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजनं १९६८ मध्ये ४६,००० बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. निम्म्या गोळी घेणाऱ्या, निम्म्या न घेणाऱ्या. पुढं वर्षानुवर्षं आकडे जमत गेले तसं दिसलं, की गोळीमुळं झालेले जादा मृत्यू बहुतेक करून पस्तिशी ओलांडलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या बायकांचे होते. आज जागतिक आरोग्य संघटनेचे निकष त्यावरच उभे आहेत. वय ३५ च्या वर आणि दिवसाला १५ किंवा जास्त सिगारेटी, तर ही गोळी मुळीच नाही. ३५ च्या वर आणि १५ पेक्षा कमी सिगारेटी, तरी शक्यतो नाही. ३५ च्या आत असेल तर देता येते.

यात मोजल्या आहेत त्या सिगारेटी. माझ्या भाचीनं काय मोजायचं? त्याच संघटनेनं २००५ साली हुक्क्याबद्दल एक टिपण काढलं होतं. सिगारेटचे ८ ते १२ झुरके पाच-सात मिनिटांत संपतात. हुक्क्याची बैठक २० ते ८० मिनिटं चालते, ५० ते २०० झुरके होतात, आणि प्रत्येक झुरका कितीतरी मोठा. एका बैठकीत छातीत जाणारा धूर शंभर किंवा त्याहून जास्त सिगारेटींइतका भरू शकतो. पाण्यामुळं धूर गार होतो, घशाला टोचत नाही, म्हणून तो आणखी खोल ओढला जातो. विष पाण्यात राहत नाही. वर जळणारा कोळसा आपला कार्बन मोनॉक्साइड वेगळाच देतो, आणि ‘यात तंबाखू नाही, फक्त फ्लेवर आहे’ असं सांगून दिलेल्या हुक्क्यावरही कोळसा तोच असतो. महिन्यातून दोनदा ओढणाऱ्या मुलीला आपण धूम्रपान करतो असं वाटत नाही. त्या दोन बैठकींत ती काय घेते हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

हुक्का काही हैदराबादच्या पोरांनी परवा आणलेला नाही. तंबाखू अकबराच्या दरबारात पोचला तो आमच्याच दख्खनमधून. असद बेग नावाच्या सरदारानं १६०४ च्या सुमारास विजापूरहून तो आग्र्याला नेला, आणि ही अनोळखी वस्तू ओढू नये म्हणून दरबारातल्या हकिमानं बादशहाला अडवलं, अशी नोंद असद बेगनं स्वतःच करून ठेवली आहे. बिदरच्या कारागिरांनी घडवलेली चांदीच्या नक्षीची हुक्क्याची भांडी आज जगातल्या संग्रहालयांत आहेत, आणि बिदर आमच्यापासून लांब नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वाड्यातल्या बैठकीत गुडगुडी असायची, पण ती पुरुषांची. पोरीबाळींच्या हातात ती नळी आली ती कॅफे आणि फ्लेवरच्या काळात. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलची आग लागली, १४ माणसं गेली, आणि पुढच्या वर्षी महाराष्ट्रानं कायदा दुरुस्त करून हुक्का पार्लर बंद केले. तेलंगणानं फेब्रुवारी २०२४ मध्ये तसंच केलं. धर्माबादहून निजामाबादच्या गाडीत बसलं की बासरला तेलंगण लागतं, म्हणजे आता रुळाच्या दोन्ही टोकांना बंदी आहे. मला ती हवीच होती. पण बंदी पार्लरवर आहे. खोलीवर भांडं मागवून चार मैत्रिणींनी रात्री बसायला तिची आडकाठी नाही, आणि तिथं शेजारी उशाखाली पाळीच्या गोळ्यांचं पाकीट असतं.

धर्माबादमध्ये मात्र हुक्का शोधत बसण्यात अर्थ नाही. इथं बायकांचा तंबाखू मिश्रीत आहे. तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची, आणि सकाळी उठल्यावर, जेवणानंतर, कामाच्या मध्ये बोटानं हिरड्यांना लावायची. मिरचीच्या गोदामात दिवसभर देठ खुडत बसणाऱ्या बायकांना विचारलं तर सांगतात, त्याबिगर हात चालत नाही. पोट साफ होतं म्हणून लावतात, दात दुखतो म्हणून लावतात, पोटुशी असताना मळमळतं म्हणूनही लावतात. एकीला मी तंबाखूबद्दल विचारलं तेव्हा तिला रागच आला. “तंबाखू कुठं खाते मी, बाई? मिश्री लावते फकस्त.” २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या १७ प्रौढ बायका कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. त्यात ओढणाऱ्या अगदी थोड्या.

इथं जपून बोलायला हवं. मिश्रीत धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, म्हणून सिगारेटचा नियम उचलून मिश्रीला चिकटवता येत नाही. पण निकोटिन हिरडीतून सरळ रक्तात जातं, नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. आणि रक्तदाब हा गोळीच्या बाबतीत स्वतंत्र निकष आहे: १४० वर ९० किंवा पुढं गेला की इस्ट्रोजेनची गोळी शक्यतो द्यायची नाही. तेव्हा मिश्री लावणाऱ्या बाईला माला-एन देण्याआधी दंडाला पट्टा बांधून दाब बघणं, एवढं तरी झालंच पाहिजे. मुंबईतल्या गरोदर बायकांवरचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅम कमी भरलं होतं. धूर नसला म्हणून तंबाखू तोंडापुरता राहत नाही, हे सांगायला तेवढं पुरे.

मला जास्त बोचतं ते वेगळंच. आमच्याकडं धाकट्या सुनेची मिश्रीची डबी लपवलेली असते आणि गोळीचं पाकीटही लपवलेलं असतं, पण दोन्ही वेगवेगळ्या माणसांपासून. गोळी सासूला कळू द्यायची नाही, कारण ती नातवाची वाट बघते. मिश्री नवऱ्याला कळू द्यायची नाही. जावेला मिश्री माहीत असते, कारण दोघी एकाच डबीतून घेतात; गोळीचं मात्र तिलाही सांगितलेलं नसतं. गोळी आशाताईला माहीत असते, कारण एक रुपयात पाकीट घरपोच तीच आणून देते. मिश्रीचं तिला कुणी बोलत नाही. अशा घरात दोन्ही गोष्टी एकत्र ठाऊक असलेलं एकही माणूस नसतं. दोन्हींचा हिशोब मांडला जातो तो फक्त त्या बाईच्या रक्तात.

आणि पस्तिशीचं काय? आमच्याकडं मुलींची लग्नं लवकर होतात, दोन-तीन लेकरं झाली की ऑपरेशन होतं. महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास बायकांची नसबंदी झालेली आहे. म्हणजे ज्या वयात इस्ट्रोजेन आणि तंबाखू यांची गाठ जास्त धोक्याची होते, त्या वयात गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या इथं थोड्याच. मग त्या सुटल्या म्हणायच्या का?

नाही सुटल्या. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. सोवळ्यातला स्वयंपाक, सवाष्णी, घरातली थोरली सून म्हणून सगळं तिच्या हातून व्हायचं, आणि नेमकी तारीख त्याच आठवड्यात. ती पोराला रिकाम्या पाकिटाचा तुकडा देऊन मेडिकलवर पाठवते. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या. ५ मिलिग्रॅम नॉरेथिस्टेरॉन, दिवसातून तीनदा. चिठ्ठी कुणी मागत नाही. या औषधाचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडायोलमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतलं तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन घेतल्यासारखं होतं. म्हणजे जवळजवळ माला-एनइतकं. घेणारी बाई बेचाळीस वर्षांची, वजन वाढलेलं, दाब कधी तपासलेला नाही, चुलीपुढं उभं राहायला ताकद यावी म्हणून दिवसात चारदा मिश्री. ऑपरेशन झालेलं असल्यामुळं गर्भनिरोधकाशी आपला संबंध संपला असं तिला वाटतं, आणि तसं वाटण्यात तिची काहीच चूक नाही. श्रावणात, नवरात्रात, बासरला सरस्वतीच्या दर्शनाला जाताना, लेकीच्या लग्नात, पुन्हा पुन्हा तेच. महालक्ष्मीला बाईच्या पाळीची अडचण होत असेल असं मला वाटत नाही. पण ज्यांना वाटतं त्यांच्या श्रद्धेशी भांडण्याआधी मला त्यांचा रक्तदाब बघून घ्यायचा आहे.

हे वाचून कुणी गोळी फेकून देईल याचीही मला तितकीच काळजी आहे. गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला एक ते पाच जणींना रक्ताची गाठ होते. गोळी घेणाऱ्या दहा हजारांत तीन ते नऊ जणींना. गरोदरपणात पाच ते वीस, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत चाळीस ते पासष्ट, याच हिशोबानं. नको असलेलं गरोदरपण गोळीपेक्षा जड आहे. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं, खटले सोसले, ते बाईला स्वतःच्या शरीराचा निर्णय स्वतः घेता यावा म्हणून. शंभर वर्षांनी त्या निर्णयातली भीतीच तेवढी तिच्यापर्यंत पोचवायची, हे बरोबर नाही. तंबाखू सुटत नसेल तर इस्ट्रोजेन नसलेले उपाय सरकारी दवाखान्यातच आहेत. तांबी आहे. दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आहे. लखनौच्या प्रयोगशाळेत आपल्या शास्त्रज्ञांनी शोधलेली छाया गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. फक्त पीसीओडीत ती देत नाहीत. आणि नवऱ्याची नसबंदी आहे, जिचं नाव काढलं की आमच्याकडं सगळे दुसरीकडं बघतात.

भाचीनं परत जाऊन डॉक्टरांना हुक्क्याचं सांगितलं. त्यांनी रागावण्याऐवजी दाब मोजला, डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमक येते का ते विचारलं, घरात कुणाला रक्ताची गाठ झाली होती का ते विचारलं. अर्धशिशीत तशी चमक येत असेल तर ही गोळी कोणत्याच वयात देत नाहीत. तिचं सगळं ठीक निघालं. गोळी चालू आहे, हुक्का तिनं सोडला.

इथल्या बायकांसाठी मला एक गोष्ट वेगळी सांगावीशी वाटते. रक्ताची गाठ बऱ्याचदा एका पायाच्या पोटरीत होते. तोच पाय दुखतो, सुजतो, हाताला गरम लागतो. मांडी घालून दिवसभर मिरची निवडणाऱ्या बाईचे पाय तसेही दुखतात, म्हणून ती रात्री कोमट तेल लावून लेकीकडून चोळून घेते. गाठ असेल तर चोळू नये. ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. एकच पोटरी सुजली, किंवा एकाएकी दम लागला, छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा आणि गोळीचं रिकामं पाकीट बरोबर न्यायचं. सोबत सासू किंवा नवरा असणार, आणि त्यांच्यादेखत मिश्रीचं किंवा गोळीचं तिच्या तोंडून निघणार नाही. म्हणून डॉक्टरांनी, सिस्टरांनी सोबतच्यांना पाच मिनिटं बाहेर बसवावं, दार लोटून घ्यावं, आणि सिगारेटचं विचारून न थांबता एकेक नाव घेऊन विचारावं: विडी, मिश्री, जर्दा, गुटखा, हुक्का, आणि महालक्ष्म्यांच्या वेळी घेतलेल्या त्या गोळ्या.