उतरणीचं काम

पंचवटीतला पोर उडी मारायला शिकतो तो रंगपंचमीला, शनी चौकातल्या रहाडीत. मीही तिथेच शिकलो. पेशवाईपासूनचा तो जमिनीखालचा चौकोनी हौद वर्षभर झाकलेला असतो आणि त्या दिवसापुरता रंगाच्या पाण्याने काठोकाठ भरतो. काठावरून अंग झोकून द्यायचं, याला आम्ही धप्पा म्हणतो. नऊ वर्षांचा असताना मी काठावर घाबरून उभा होतो, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "उडी कशीही मार रे, पाणी झेलतंय ना!"

पुढे सैन्यात गेलो. नोकरीतले बारा हिवाळे स्कीच्या प्रशिक्षणात आणि जवानांच्या स्पर्धा भरवण्यात गेले. फावडं हातात घेऊन बर्फाच्या उतारावर उभा असताना भावाचं ते वाक्य अनेकदा आठवलं. फ्रीस्टाइल स्की किंवा स्नोबोर्डच्या स्पर्धेत लोक बघतात ती उडी. ती जवानाची असते. खाली त्याला झेलणारा बर्फ तयार करणं हे भरवणाऱ्याचं काम, आणि ते पाण्यासारखं आपोआप होत नाही.

नाशिकचा माणूस आणि स्की, याचं अनेकांना नवल वाटतं. लष्करी शिक्षणाचं मात्र आमच्या गावाला अप्रूप नाही. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये सुरू केलेलं भोसला मिलिटरी स्कूल इथलंच, देवळालीचे तोफखान्याचे बार तर लहानपणापासून कानावर. बर्फाचं शिक्षण मात्र काश्मीरचं. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या काळात, १९२७ मध्ये, स्की क्लब निघाला होता, पण तो हौसेचा मामला. १९४७-४८ च्या युद्धाने शिकवलं की बर्फात लढायला बर्फावर चालता आलं पाहिजे. म्हणून जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तिथे लष्कराची स्की शाळा उघडली. तीच आज हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, जवानांच्या तोंडी 'हॉज'. बाहेरच्या देशांतही स्की आणि सैन्य यांचं नातं जुनं आहे. १९२४ साली शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यात चौघांची तुकडी बंदुका पाठीवर घेऊन स्कीवरून गस्त घालायची, अशी लष्करी गस्तीची शर्यत होती. ती स्वित्झर्लंडने जिंकली. आजचं बायथलॉन त्याच शर्यतीच्या पोटातून आलं. जगात स्की हा खेळ सैन्याच्या अंगणात वाढला आहे, आणि युरोपातल्या कितीतरी खेळाडूंच्या अंगावर आजही वर्दी आहे. २०१८ च्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्ड क्रॉसचं सुवर्ण जिंकणारी इटलीची मिकेला मोयोली ही त्यांच्या लष्कराच्या क्रीडा केंद्राची.

आपल्याकडेही लष्कराचे स्कीपटू पुढे आहेत. नदीम इक्बाल २०१४ मध्ये सोचीला गेला, जगदीश सिंग २०१८ मध्ये प्योंगचांगला, दोघेही क्रॉस कंट्रीचे. खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० पासून होतात आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं लष्कराचा संघ पदकतालिकेत पहिला आला. त्यात अल्पाइन, नॉर्डिक, स्की माउंटेनिअरिंग, स्नोबोर्ड असतं. हवेतल्या कसरतींचं फ्रीस्टाइल आपल्याकडे अजून रांगतं आहे. जवानाला गिरक्या कशाला शिकवायच्या, असं मला आमच्याच लोकांनी विचारलं आहे. माझं उत्तर ठरलेलं असे. पाठीवर वीस किलोचं पिट्टू घेऊन अंधुक उजेडात उतरताना पायाखाली अचानक बर्फाचा कठडा तुटतो आणि माणूस क्षणभर हवेत असतो. त्या क्षणी अंग कुठे आहे हे ज्याला कळतं, तो पायावर उतरतो. बाकीचे मानेवर पडतात.

आता कामाचं सांगतो. उडीसाठी बर्फाचा जो उंचवटा रचतात त्याला किकर म्हणतात. बघ्यांची नजर त्यावर असते, फोटोही त्याचेच निघतात. पण खरी मेहनत त्याच्या पुढच्या उतारावर, लँडिंगवर. हिशेब साधा आहे, मी तो प्रत्येक तुकडीला फळ्यावर करून दाखवायचो. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने आडवा सुटलेला जवान तीन मीटर खाली सपाट बर्फावर आपटला, तर त्याच्या गुडघ्यांना तीन मीटरवरून फरशीवर उडी टाकल्याचा दणका बसतो. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून अंगणात उडी टाकावी तसा. वेग तोच, उंची तीच, पण खालचा बर्फ ३० अंश उताराचा असेल तर तोच दणका जेमतेम १४ सेंटिमीटरचा होतो. रामकुंडाची एक पायरी उतरावी इतकाच. उतार शरीराच्या वाटेशी जुळला की पडणं घसरण्यात मुरून जातं. हवेत गिरक्या घेण्याच्या एरियल्स या प्रकारात लँडिंगचा उतार ३७ अंशांच्या आसपास ठेवतात तो याचसाठी.

हा हिशेब मला पाठ होता, आणि तरीही माझ्या हातून चूक झाली.

जवानांसाठी आम्ही एक छोटी स्पर्धा घेतली होती. कुठे आणि कोणत्या साली ते लिहीत नाही. चार दिवस प्रशिक्षण, पाचव्या दिवशी स्पर्धा. सुरुवात कुठून करायची ती जागा मी दुपारी बारा वाजता ठरवली. उन्हात बर्फ ओला होता, स्की अडत होत्या, म्हणून झेंडी जरा वर रोवली. पाहुणे यायला उशीर झाला आणि स्पर्धा चारनंतर सुरू झाली. तोवर डोंगराची सावली उतारावर आली होती. फेब्रुवारीत तिथे सावली पडली की अर्ध्या तासात ओला बर्फ काचेसारखा होतो. झेंडी तिथेच, बर्फ मात्र दुसराच. खटावकडचा एक जवान, माझ्या तुकडीतला सर्वांत नेटका मुलगा, किकरवरून सुटला तेव्हाच मला कळलं की वेग जास्त आहे. तो अख्खं लँडिंग ओलांडून पुढच्या सपाटीवर पडला. हवेत त्याची काहीच चूक नव्हती. उजव्या गुडघ्याचे अस्थिबंध तुटले. स्ट्रेचरवर तो मलाच म्हणाला, "साहेब, लँडिंग चुकलं माझं." मी त्याला तिथेच सांगितलं, माझं चुकलं. झेंडी दहा पावलं खाली घ्यायला मला एक मिनिट लागलं असतं.

तेव्हापासून वेळेवर सुरू न झालेली स्पर्धा मी पुन्हा पहिल्यापासून तपासायचो. अर्धा तास थांबलो तरी आधी एक अनुभवी प्रशिक्षक रिकामी उडी मारून यायचा, तो जिथे उतरला तिथे बांबूची काठी रोवायचा, आणि मगच स्पर्धक वर जायचे. कोणी कितीही मोठा पाहुणा खुर्चीत बसलेला असो.

लष्करी स्पर्धेचं एक मोठं बळ म्हणजे माणसं. परदेशात उतार दाबायला यंत्रं फिरतात. आम्ही चाळीस जवान आडवे, खांद्याला खांदा लावून, स्कीवर आडवी पावलं टाकत खालून वर न्यायचो. पुन्हा खाली, पुन्हा वर. दाबलेला बर्फ रात्रभर कोणीही तुडवायचा नाही. दाबल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटतात, आणि त्याला वेळ लागतो. किकर असा घट्ट हवा. लँडिंग मात्र उलट. ते सकाळी फावड्यांनी पुन्हा फोडायचं, कोपरभर खोल, ढेकळं राहू द्यायची नाहीत. शेत भुसभुशीत करतात तसंच. मूठ वळून आत दाबली की मनगटापर्यंत गेली पाहिजे, ही आमची खूण. दर दहा-बारा उड्यांनंतर स्पर्धा थांबवून ते पुन्हा फोडायचं, कारण उतरणाऱ्यांच्या स्की त्याला पुन्हा दाबत जातात. प्रेक्षक कंटाळतात. कंटाळू द्यावं.

मार्चमध्ये मिठाची पोती लागतात. नवशिक्याला हे पटत नाही, कारण मिठाने बर्फ वितळतो हे त्याने शाळेत शिकलेलं असतं. ओल्या, साखरेसारख्या दाणेदार बर्फावर मीठ पडलं की वरचा थर थोडा वितळतो, वितळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि बाकीचं पाणी गोठवतो. काही मिनिटांत किकर टणक होतो. अट एकच, बर्फ आधी ओला पाहिजे. कोरड्या बर्फावर मीठ वाया जातं. आणि ते फोकून पेरावं लागतं, मुठीतून एकसारखं, बियाणं फोकतात तसं. निफाडकडच्या शेतकऱ्याचा मुलगा असलेल्या एका शिपायाला हे मी कधी शिकवलं नाही. त्याने पहिल्याच दिवशी पोतं काखेत घेतलं आणि सरळ चालत गेला, मागे मीठ एकसारखं पडत गेलं.

दुसरी गोष्ट रंगाची. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. उतार कुठे सुरू होतो, जमीन किती खाली आहे, हवेतल्या माणसाला काही उमगत नाही. म्हणून किकरच्या कडेवर आणि लँडिंगवर निळ्या रंगाच्या आडव्या रेघा मारतात, रंग नसला तर देवदाराच्या बारीक फांद्या टाकतात. पंचवटीत रंग पाण्यात असतो, इथे बर्फावर. दोन्हीकडे उडी मारणारा त्याच्याकडेच बघून उतरतो.

प्रशिक्षणाबद्दल माझं मत ठाम आहे. बर्फावरचे चार दिवस म्हणजे शेवटचे चार दिवस, खरं शिक्षण त्याआधी सहा महिने. बर्फाळ देशांतले एरियल्सचे खेळाडू उन्हाळ्यात पाण्यावर शिकतात. तलावाकाठी उतरता रॅम्प असतो, पायात स्की, अंगात तरंगतं ठेवणारं जाकीट, आणि उलटी गिरकी पाण्यावर पक्की झाल्याशिवाय बर्फावर करू देत नाहीत. हल्ली हवेने फुगवलेल्या गाद्याही आल्या आहेत. आमच्याकडे यातलं फार काही नव्हतं, पण मल्लखांब होता. मी स्वतः लहानपणी तालमीत एरंडेल लावलेल्या खांबावर चढलो आहे. अढी सोडताना डोकं खाली, पाय वर, आणि तरीही जमीन कुठे आहे हे पोटाला कळतं. तेच ज्ञान हवेत लागतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब पुन्हा उभा केला तो मल्लांचं अंग तयार करण्यासाठी. वणीच्या सप्तशृंगीपाशी त्यांना दृष्टान्त झाला, असं आमच्याकडे सांगतात. मी जवानांना दोरीच्या मल्लखांबावर चढवलं तेव्हा लडाखचे आणि गढवालचे गडी सुरुवातीला बिचकले, पण महिन्याभरात अंग आवरायला लागले. पडायलाही शिकवायचं असतं. हात मागे टाकून मनगटावर पडायचं नाही, हनुवटी छातीला, कुशीवर घसरत जायचं. पडण्याचे शंभर सराव झाल्याशिवाय मी कोणाला किकरवर नेलं नाही.

गुण देण्याची पद्धतही जवानांना आधीच समजावून सांगावी. एरियल्सच्या जुन्या रीतीत दहापैकी दोन गुण उंचीला, पाच हवेतल्या आकाराला, तीन उतरण्याला, आणि त्या बेरजेला उडीच्या कठीणपणाने गुणायचं. तरुण मुलं कठीणपणाच्या मागे लागतात. मी त्यांना साधी उडी आणि स्वच्छ उतरणं मागायचो, आणि पहिल्या दोन दिवसांत गिरकी घेणाऱ्याला घरी पाठवेन असं बजावायचो. एकदा पाठवलंही.

या सगळ्याच्या आधी, पहाटे, हिमस्खलनाचा इशारा बघायचा. चंदीगडची डीजीआरई ही संस्था तो देते. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गच्या खिलनमर्गजवळ प्रशिक्षणात असलेल्या जवानांवर हिमकडा कोसळला आणि १५ हून अधिक जण गेले. कितीही तयारी झालेली असो, इशारा आला की उतार बंद. यावर चर्चा करणाऱ्या माणसाबरोबर मी काम केलेलं नाही.

आणि आता बर्फच भरवशाचा राहिलेला नाही. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरच्या थंडीचा कणा. त्या दिवसांत, जानेवारी २०२४ मध्ये, गुलमर्गची कुरणं पिवळी पडलेली सगळ्या देशाने पाहिली. खेलो इंडियाचे २०२५ चे बर्फावरचे खेळ फेब्रुवारीत व्हायचे होते, बर्फ नव्हता म्हणून ते ९ ते १२ मार्चला झाले. स्पर्धा पुढे ढकलता येते, पण जवानांच्या सरावाचे गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. कमी सराव आणि पातळ बर्फ एकत्र आले की गुडघे तुटतात. म्हणून माझा आग्रह आहे की लष्कराने आणि राज्यांनी पाण्यावरचे रॅम्प बांधावेत, तेही जिथे बर्फ पडत नाही अशा गावांत. धरणं आपल्याकडे आहेत. गंगापूर धरणाच्या काठावर असा एक रॅम्प उभा राहिला तर नाशिकची पोरं रहाडीतून थेट तिथे येतील, त्यांना उडी शिकवावी लागणार नाही.

खटावच्या त्या जवानाचा गुडघा वर्षभराने चालण्याजोगा झाला, उडी मारण्याजोगा नाही. त्याने स्वतः मागून लँडिंगचं काम घेतलं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या हिवाळ्यात आमच्या स्पर्धेच्या दिवशी पहाटे साडेसहाला मी उतारावर गेलो, तर तो आधीच फावडं घेऊन मधोमध उभा होता, दहा पोरं त्याच्या दोन्ही बाजूंना. स्पर्धा सुरू करण्याचा हुकूम विचारायला खालून माणूस आला. मी खटावच्या जवानाकडे बघितलं. त्याने हातमोजा काढला, मूठ वळून बर्फात दाबली. बोटांपाशीच अडली.

"अजून नाही, साहेब," तो म्हणाला, आणि पोरांना पुन्हा वरच्या टोकाला घेऊन गेला.